बुधवारचा उपास

विश्रामबाग, सांगली
९ जानेवारी १९६६

साळू,

तुला आठवतं का, आपण माडीवर कुरडया घालत होतो? तू लग्न होऊन आलीस त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. चीक तू हाटला होतास, कारण तेवढं बळ माझ्या मनगटात कधीच नव्हतं, आणि मी सोऱ्या फिरवत बसले होते. तू कावळा हाकलता हाकलता म्हणालीस, "आक्का, तुमचं ते पाचगणीचं विंग्रजी मला एक तरी शिकवा की. एकच शब्द. लय नको." मी विचारलं, कुठला? तू थोडा विचार केलास आणि म्हणालीस, "भणीला काय म्हणत्यात?"

मी म्हटलं, सिस्टर.

दिवसभर तू कावळ्यांनासुद्धा शिष्टर म्हणत होतीस. संध्याकाळी कुरडया उलटताना तुला शंका आली. "पर तुमच्या त्या गोऱ्या मास्तरीणबाईलाबी तुमी शिष्टरच म्हणता." मी सांगितलं, हो, लग्न न करता देवाचं काम करतात त्याही सिस्टर. पुढे बाळंतपणाला तुला मिरजेच्या दवाखान्यात नेलं, तिथे पांढऱ्या टोपीतल्या नर्सलाही सगळे सिस्टर म्हणत होते. कळा येत असतानासुद्धा तू माझा हात धरून म्हणालीस, "आवं आक्का, ह्या समद्याच शिष्टरी. मग लेकरं कुणाला व्हत्यात?" ती नर्सही हसली होती, मराठी येत नसूनही.

तिने मला विचारलं, तुम्ही या बाईच्या कोण? मी आता काय सांगणार होते? मला मूल होईना म्हणून मालकांनी तुला घरात आणलं, म्हणजे मी तुझी सवत. तेवढं इंग्रजी मला येत होतं, पण त्या गोष्टीला इंग्रजीत शब्द सापडेना. मी सिस्टर म्हटलं. तिने दुपट्यात गुंडाळलेला जालिंदर आधी माझ्या हातात दिला. तू खाटेवरून बघत होतीस आणि हसत होतीस. हसत होतीस ना?

हे सगळं लिहायचं कारण, जालिंदरच्या साखरपुड्याला तू न जेवता निघून गेलीस याची मला चुटपुट लागली आहे. तू गुळाची ढेप घेऊन थेट नवरीच्या वडिलांच्या, वकीलसाहेबांच्या दारी येशील याची मला कल्पना नव्हती. मालकांनी परस्पर तुला कळवलं. मला आधी कळलं असतं तर मोटार पाठवली असती. वकीलसाहेबांच्या आई, आक्काताई, दारातच होत्या. त्यांनी "ह्या कोण?" म्हणून विचारलं आणि घाईत माझ्या तोंडून आपला तोच जुना शब्द मराठीत गेला, बहीण. तुला वाईट वाटायचं कारण नाही. पहिल्या दिवसापासून तूच मला आक्का म्हणतेस. जालिंदर पाहुण्यांशी बोलत होता, त्याला काही ऐकू गेलं नसावं.

विजयमाला गुणी मुलगी आहे. लग्न वैशाखात धरलं आहे. दोन ओळींचं उत्तर पाठव. आळीतला नाथाजी लिहून देईल.

तुझी आक्का


विश्रामबाग, सांगली
१८ जानेवारी १९६६

साळू,

तिळगूळ वेगळा पाठवला आहे. तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी म्हटलं तर तू एकच पाठवलीस. "आक्कांना सांगा, माझा उपास अजून सुटला न्हाई." त्याच्याखाली नाथाजीने आपल्या मनचं लिहिलं आहे, "कसला उपास त्ये बाई सांगत न्हाईत. काळजी नसावी. सकाळच्या पारी दोन भाकरी आन् झुणका खाल्लेला मी डोळ्यानं बघितला हाय. हवालदार नाथाजी, पेन्शनर."

वाचून मी आधी हसले. तू कशाबद्दल बोलतेस ते मला कळतं. त्यावर नंतर लिहीन.

आज दुसरं लिहायचं आहे. पाचगणीला आम्हाला एकदा घरातल्या माणसांवर निबंध होता. मी सिस्टर उर्सुलांना विचारलं, नणंदेला काय लिहू? त्यांनी शब्द सांगितला, त्याचा अर्थ होतो कायद्याने बहीण. जावेला? तोच. भावजयीला? तोच. मेहुणीला? तोही तोच. आम्ही मराठी मुली एकमेकींकडे बघायला लागलो. एकीने धिटाईने विचारलं, मग सिस्टर, घरात भांडण झालं तर कुणाशी झालं हे तुमच्याकडे कळतं कसं? शेवटी मी सवतीचा शब्द विचारला. माझ्या आईला होती, म्हणून विचारला. त्या रागावल्या नाहीत. अशी रीतच आमच्यात नाही, म्हणून शब्द नाही, एवढं म्हणाल्या आणि माझी शाईने भरलेली बोटं धुऊन यायला सांगितलं.

सांगायचं काय, तो एक शब्द एवढ्या जणींना पोटात घेतो, तर आपल्यालाही घेईल.

साळू, लग्नाला तू माझी बहीण म्हणून ये. जालिंदरची मावशी म्हणून. मला वाईट वाटतं, पण ऐकून घे. वकीलसाहेब शिकलेले, कायद्याची माणसं. दोन बायकांचं घर म्हटलं तर मुलगी देतील न देतील. जालिंदरच्या पलटणीतले अधिकारी बायकांसकट येणार आहेत. त्यांच्यात त्याने आधीच सांगून ठेवलं आहे की गावची शेती मावशी बघते. देवकाला मालकांशेजारी थोरलीच बसते ही घराण्याची रीत आहे, मी केलेली नाही. सूनमुख मीच पाहीन, तेही रीतीने आलं. तुला मावशीच्या मानाचं लुगडं घेतलं आहे, जांभळं, अंजिरी काठाचं. तुला शोभेल.

पोर तुझ्या पोटचं आहे हे मी विसरलेले नाही. शाळेसाठी पाच वर्षांचा असताना त्याला सांगलीला आणला, तेव्हा तू गाडीमागे ओढ्यापर्यंत चालत आली होतीस. त्याचं भलं व्हावं म्हणूनच तू तेव्हा पाठवलास. आताही तसंच समज.

नाथाजी, हे पत्र हळू आवाजात वाच.

तुझी आक्का


विश्रामबाग, सांगली
३१ जानेवारी १९६६

साळू,

नाथाजीचं कार्ड आलं. "हळू वाचायची मला सवय न्हाई, पलटणीत मोठ्यानं वाचाया लागायचं. आळीनं समदं ऐकलं. बाई म्हणत्यात, लग्नाला येणार न्हाई. मावशी काय, कोणबी मावशी मिळंल. लुगडं दुसऱ्या कुणाला बसंल. बाई रडत न्हाईत, कांदा चिरत्यात."

ते कार्ड आलं त्याच दिवशी माझ्याकडे रथसप्तमीचं हळदीकुंकू होतं. बायका गेल्यावरही आक्काताई बसून राहिल्या. ऐंशीच्या घरातल्या, नाकात मोठी नथ, बोलणं अजून पलूसकडचं. वाटीतले तीळ निवडत बसल्यासारखं करून म्हणाल्या, "विहीणबाई, तुमची ती बहीण न्हाई दिसली."

मी म्हटलं, गावी असते.

"आन् उपास बराय न्हवं त्यांचा?"

साळू, आता लिहिते. त्या दिवशी विहिणीच्या पंगतीची पानं मांडलेली होती. रांगोळी घातलेली, प्रत्येक पानाशी चांदीची वाटी. तुला पान मांडलं असतं तर माझ्याच शेजारी मांडावं लागलं असतं, आणि शेजारच्या बायका तुझ्याशी बोलल्या असत्या. तू पहिल्या घासाला "आमच्या जालिंदरला" म्हणाली असतीस आणि सगळं उघडं पडलं असतं. म्हणून आक्काताई पान मांडायला सांगू लागल्या तेव्हा मी म्हटलं, नको, हिला आज उपास असतो. तू माझ्याकडे पाहिलंस. गाडी, घाई, आधी कळलं नाही, असं पहिल्या पत्रात मी जे लिहिलं ते खोटं होतं. तू मुक्कामाच्या तयारीनं आली होतीस. तुझ्या पिशवीत दुसरं लुगडं होतं, ते मला दिसलं होतं.

आक्काताई तीळ निवडत पुढे म्हणाल्या, "मी आत भगर टाकाय सांगितली. ताट घिऊन बाहीर आले, तवर बाई फाटकाच्या बाहीर. ढेप तेवढी वसरीवर. मग मनात आलं, आज तर बुधवार. बुधवारी कसला वो उपास?"

मी म्हटलं, नवसाचा.

"व्हय का. मलाबी एक बहीण हाय, मिरजेला. येडी हाय जरा. माझी सोन्याची बुगडी हरवली तिनं. पर ती दारात उपाशी हुबी आन् मी पाटावर, असं कवा झालं न्हाई. तुमी तर पुरणाची दुसरी पोळी मागून घेतलीसा."

घेतली होती, साळू. फाटकाकडे नजर जाऊ नये म्हणून काहीतरी करायचं होतं, म्हणून पोळी मागितली. त्यांना काय सांगू?

"तवाच म्हटलं, ही काय बहीण न्हवं. दुसरं कायतरी हाय." एवढं म्हणून त्यांनी तिळाची वाटी माझ्या हातात दिली, पदर सारखा केला आणि निघाल्या. फाटकापर्यंत मी गेले. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी, दोन भाषांत गप्प उभी राहिले.

हे कोणाला कळेल याची आता मला भीती नाही. लाज वाटते ती वेगळ्याची. मी तुला बहीण म्हटलं एवढंच असतं तर चाललं असतं. तुला बहीण म्हटलं आणि बहिणीसारखं एक पान मांडलं नाही, म्हणून मी पकडले गेले.

आणि जालिंदरने ऐकलं होतं. पाहुण्यांशी बोलत नव्हता. खांबाजवळ बुटाच्या टोकाकडे बघत उभा होता. तू फाटकातून गेलीस तेव्हा त्याचा पाय एकदा उचलला, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवली. त्याला दोष देऊ नकोस. लहानपणापासून कुठे बोलायचं आणि कुठे नाही हे तो माझ्या मानेवरून शिकला आहे.

हे पत्र नाथाजीने कसंही वाचावं.

लीला


विश्रामबाग, सांगली
१३ मार्च १९६६

साळू,

तुझं उत्तर नाही. नाथाजीचंही नाही. तरी लिहिते, कारण आता लपवायचं राहिलं नाही.

होळीला जालिंदर चार दिवस आला होता. मी त्याला माझी पत्रं सांगितली. दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून समोर उभा राहिला, "आईसाहेब, वकिलांकडे चला." मी विचारलं, तू बोलणार का मी? म्हणाला, "तुम्ही सुरुवात करा. पुढचं मला येईल."

गेलो. वकील दादासो, आक्काताई आणि विजयमाला, तिघंही बसले होते. मी सांगितलं, जालिंदरला जन्म मी दिलेला नाही. साखरपुड्याला ढेप घेऊन आल्या होत्या त्या साळूबाई, मालकांच्या धाकट्या पत्नी, त्या याच्या आई. त्यांना उपास नव्हता. पुढचं बोलायचं म्हणून जालिंदरने तोंड उघडलं आणि त्याला एवढंच आलं, "मी तिथंच होतो."

दादासोंनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "दुसरं लग्न कायद्याच्या आधीचं. त्याला मी हरकत घेत नाही. माझ्या स्वतःच्या घरात दोन आया होत्या. पण लीलाबाई, तुम्ही माझ्या दारात माझ्या पाहुणीला उपाशी घालवलंत, आणि ती उपाशी गेली हे मला माझ्या घरात ठाऊक नव्हतं. जावईबापू, तुम्ही तर सैन्यातले. तुमच्या आईसाठी तुमचा पाय उंबऱ्याबाहेर पडला नाही. माझ्या पोरीसाठी पडेल?"

विजयमाला उठून आत गेली. मला वाटलं, मोडलं.

ती बाहेर आली ती तुझी ढेप घेऊन. गोणपाटात तशीच बांधलेली, तुझ्या गाठीसकट. तिने ती आजीसमोर ठेवली. आक्काताई म्हणाल्या, "साखरपुड्याचा गूळ आमी अजून फोडला न्हाई. ज्यांनी आणला त्यांनी फोडल्याबिगर खायाचा न्हाई, असं मी तवाच पोरीला सांगितलं. आता दादासो, तू कायद्याचं ऱ्हाऊ दे. जालिंदर, तुझ्या आईला सांग, ढेप मुंग्या लागायच्या आत फोडाय या. आल्या तर लगीन. न्हाई आल्या तर ढेप परत घिऊन जा."

म्हणजे आता सगळं तुझ्या येण्यावर आहे. हे लिहिताना मला कळतं की मी पुन्हा तुझ्यावर ओझं टाकते आहे. नाही म्हणण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. तू नाही म्हणालीस तर जालिंदरला कारण मी सांगेन, आणि ते कारण मी असेन.

आपल्या भटजींना विचारलं. थोरली असताना धाकटीला देवकाला बसवता येत नाही, असं ते प्रथम म्हणाले. मी विचारलं, थोरलीने आपल्या हाताने धाकटीला पाटावर बसवलं तर? बराच वेळ पंचांग चाळलं आणि म्हणाले, असं कुणी विचारलंच नव्हतं, तेव्हा मना केलेलंही नाही. मालकांना सांगितलं. ते पत्ते पिसत होते. म्हणाले, "तुमचं तुमी बघा. मला पाट कुठला तेवढं सांगा."

लीला


विश्रामबाग, सांगली
११ एप्रिल १९६६

साळू,

हे पत्र टपालाने आलेलं नाही. जालिंदर घेऊन आला आहे आणि तोच वाचतो आहे. त्याला रजा मिळाली, म्हणाला, पत्र टाकू नका, मीच जातो. मी अट घातली. आळी जमल्यावर अंगणात उभं राहून वाचायचं. नाथाजी, तू चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून बघत राहा. ओळ गाळली तर तिथेच थांबव.

जालिंदर, मोठ्याने.

गावातल्या सगळ्यांनी ऐकावं. साळूबाई जालिंदरच्या आई आहेत. हे तुम्हाला ठाऊक आहे. सांगलीत ते मी लपवलं, साखरपुड्याच्या दिवशी त्यांना पंगतीला बसू दिलं नाही आणि वर उपासाचं नाव केलं. लपवायला मी बहीण हा शब्द वापरला. त्या शब्दाला आणि त्यांना, दोघांनाही मी कमी लेखलं. जालिंदर गप्प राहिला, कारण त्याला गप्प राहायला मी शिकवलं. आता तो मोठा आहे. पुढे काय बोलायचं ते कागद खाली ठेवून त्याने स्वतः बोलावं. मी लिहून दिलेलं नाही.

तो बोलून झाला असेल तर नाथाजी, कागद उचलून पुन्हा त्याच्या हातात दे.

साळू, तू आलीस तर कुणाला काय जायचं ते मी ठरवून ठेवलं आहे. तुला पटलं नाही तर बदल.

देवकाचा पाट तुझा. मालकांशेजारी मी तुला हात धरून बसवीन आणि मागे होईन. मालकांना पाट कुठला ते सांगितलं आहे.

विहिणीचा मान तुझा. वकिलांकडून येईल ती साडी, खण, चांदीची वाटी, जे येईल ते तुझ्या ओटीत. पायावर पाणी घालतील तेव्हा संकोचू नकोस. तुझ्या टाचांच्या भेगांकडे मी एकदा बघितलं होतं आणि तू पाय लुगड्यात घेतले होतेस. या वेळी घेऊ नकोस.

सूनमुखाचा आरसा माझ्या आईचा, मागे पोपट कोरलेला. तो विजयमालेला, पण तुझ्या हातून. तिचं तोंड आरशात आधी तू बघ. जालिंदरला माझ्या हातात आधी दिलं होतं, ते असं तरी थोडं फिटू दे.

माझी मोत्यांची नथही विजयमालेला. ती मागाहून दे, माहेराहून परत आल्यावर. तेव्हा दोघीच असा.

आक्काताईंच्या घरची ढेप तू फोडायची. पहिला खडा त्यांना. दात नाहीत, बारीक कर. त्यांच्या मिरजेच्या बहिणीलाही बोलावणं पाठवलं आहे, तिला मानाचा खण. आक्काताई म्हणतात ती हरवील. हरवू दे.

नाथाजीला कोल्हापुरी फेटा, आणि पुरुषांच्या पंगतीत मालकांच्या डाव्या हाताला पान. पत्रं कशी वाचली हे त्याने तिथे कुणाला सांगू नये.

जांभळं लुगडं, मावशीच्या मानाचं, मीच नेसेन. मला ते जरा आखूड पडतं, तुझ्या मापाने घेतलं होतं. चालेल.

विहिणीच्या पंगतीत माझं पान मांडायचं नाही. मी वाढायला असेन. लग्न बुधवारचं आहे. मुहूर्त भटजींनी काढला, मी नव्हे. तू बस म्हणालीस तर बसेन, नाहीतर त्या दिवशी मला उपास.

आणि पलटणीतल्या एखाद्या साहेबाची बायको तुला माझ्याकडे बोट करून विचारील, ह्या कोण? मी ताटं घेऊन जवळच उभी असेन. तू जो शब्द सांगशील, तो मी तिला इंग्रजीत करून सांगेन.

लीला